घाटघरची गोणी

चिमामावशीने डोक्यावर वाहून आणलेला तांदूळ आम्ही खाल्ला नाही. खड्डा खणून पुरला.

आज तिला जाऊन चार वर्षं झाली. हे मी आजपर्यंत फक्त डायरीत लिहिलं होतं. तिथेही अर्धंच.

मावशी सख्खी नव्हे. ती जुन्नरच्या डोंगरातल्या घाटघरची. दर उन्हाळ्यात कांदा काढायला आमच्याकडे अवसरीला यायची, महिनाभर राहायची. आईचं आणि तिचं इतकं जमलं की मालकीण कोण आणि मजूर कोण, हे दोघी विसरून गेल्या होत्या.

निदान मला तसं वाटायचं. मावशीलाही वाटत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

येताना ती खताच्या रिकाम्या गोणीत डोंगरातला तांदूळ आणायची. जाताना कांदे न्यायची. गोणी आईच उघडायची, स्वयंपाकघराचं दार लोटून. आम्हाला दिसायचा तो थेट ताटातला भात.

आई गेली. मावशी येत राहिली. गोणी मग तीच आत नेऊन रिकामी करायची.

मग लॉकडाऊन लागला. गावाने वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. बाहेरच्याला आत सोडायचं नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. टोमॅटोचा फवारणी पंप आमच्या घरचा, म्हणून तोही माझ्याच पाठीवर. आत जंतुनाशक.

एका दुपारी फांद्यांच्या पलीकडे मावशी उभी. तोंडाला पदर, डोक्यावर अर्धी भरलेली गोणी. भाजीच्या पिकअपमधून मंचरपर्यंत आली होती, तिथून चालत.

"मावशी, अगं यंदा बाहेरची माणसं कामाला घ्यायची नाहीत."

"कामाला कोन आलंय? दुकानं बंद हायेत म्हनं. म्हनलं, पोरगी काय खाईल तुजी?"

आमच्या घरात तेव्हा दोन महिन्यांचं धान्य भरलेलं होतं.

"तिथंच ठेव गोणी. लांब हो जरा."

ती लांब झाली. मी गोणीवर फवारा मारला. पुढून, मागून, तळाशी.

ती हसायला लागली. "आरं, मलाबी मार की! टमाट्यावानी लाल व्हईन."

नाक्यावरचे सगळे हसले. मीही हसलो.

उन्हात एवढं चालून आलेल्या बाईला पाणी विचारायचं राहिलं. वहीत मात्र लिहिलं, 'चिमाबाई, घाटघर. प्रवेश दिला नाही.'

सुंदर अक्षरात.

गोणी तीन दिवस उन्हात ठेवली, मग गोठ्याच्या माळ्यावर टाकली. व्हॉट्सॲपवर रोज नवे फॉरवर्ड. भाजी धुवा, नोटा धुवा. तांदूळ तर आपण धुतोच. तरी मला धीर होईना.

घरात मी सांगितलं, पंपात आधी टोमॅटोचं औषध होतं, रिस्क नको. ते खरंही होतं. पण ते कारण मला दुसऱ्या दिवशी सुचलं. पहिल्या दिवशी मला नुसती भीती वाटली होती.

मावशीच्या हातांची.

आठवड्याने तिचा फोन आला.

"शिजवला का रं भात?"

"हो तर! घरभर वास सुटला होता."

"आन् पोरीनं खाल्लं का समदं?"

"पोटभर."

"समदं?"

"हो गं."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं. बरं झालं."

दीड-दोन महिन्यांनी गोठ्यात घाण वास यायला लागला. गोणी उतरवली. तांदळाला जाळी धरली होती, अळ्या पडल्या होत्या. आणि मधोमध, हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांत एकेक गुंडाळलेली गावरान अंडी. सात. वाटेत धक्क्याने फुटू नयेत म्हणून तांदळात खोचलेली.

डोंगरातून अंडी अशीच येतात. आम्हा पोरांचे हात लागून फुटू नये असं काय आई दार लोटून गोणीतून काढायची, ते मला चाळिशीत कळलं.

आणि 'बरं' म्हणायच्या आधी मावशी का थांबली, तेही कळलं. मी गोणी उघडली असती, तर अंड्यांचंच नाव पहिलं काढलं असतं.

फोन हातात घेतला. परत ठेवला. खड्डा खणला.

दिवाळीनंतर गाड्या सुरू झाल्या, तेव्हा तिने तिच्या मुलाच्या, लहूच्या हाती नवा तांदूळ पाठवला. गोणी ओसरीवर टेकली नाही तोच तिचा फोन.

"संजू, आत आंडी हायेत. आदी ती काढ, मंग तांदूळ वत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आधीच सांगितलं. मला दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागू नये, म्हणून.

"मावशी, त्या वेळी मी..."

"आसूंदे रं. समदा मुलूख भ्याला व्हता. आमी न्हाई का वाटंवर दगडं टाकली? उन्हाळ्यात येते, तवा बोलू."

उन्हाळ्यात दुसरी लाट आली. मावशीला जुन्नरला ॲडमिट केलं. पाचव्या दिवशी लहूचा फोन आला.

मी गेलो नाही. पास कदाचित मिळाला असता. मी चौकशीही केली नाही. त्या दिवशीच्या पानावर 'नियम आहेत' एवढंच लिहिलं आहे.

ते बोलणं राहिलं.

लहू अजूनही दरवर्षी तांदूळ पाठवतो. निवडलेला, वजन छापलेल्या पॅकबंद पिशवीत. चांगला असतो. तरी डब्यात ओतायच्या आधी मी कोपरापर्यंत हात आत घालतो. मुलगी विचारते, "बाबा, काय शोधताय?"

तांदूळ गार लागतो. बोटांना दुसरं काही लागत नाही.

मावशी, आज सकाळी तुमच्याकडचाच तांदूळ शिजवला. घरभर वास सुटलाय.

या वेळी खरंच.

वेशीवर आता काही आडवं नाही. तुझं पान वाढलंय, शेजारी तांब्या भरून ठेवलाय.

ये.

आधी पाणी पी.