धुम्मसची दुसरी मूठ

आयटीआयचं एक पुस्तक मराठीत आणताना एका शब्दावर अडकले. माती ठोकून घट्ट बसवण्याला परिभाषा समितीनं सुचवलं होतं 'संहनन'. आमच्या घरात मात्र 'धुम्मस' चालायचं. प्रकाश, माझा नवरा, गोंडपिपरीकडचा. बॅगेत कपडे कोंबतानाही म्हणायचा, धुम्मस कर. कोशात अर्थ सापडला: माती ठोकायचं जड साधन. मूळ काही मिळेना. ते शोधायला निघाले, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर प्रकाश गेल्यापासून त्याच्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, एकही फोन नव्हता. गावी ती राहते ते घर अजून माझं आहे का, हे मला पाहायचं होतं.

चंद्रपूरच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले (खा, पण पाणी जवळ ठेवा). तिथून एसटी, बायकांना अर्धं तिकीट. गोंडपिपरीपुढे ऑटो मिळतो, परतीची बस आधीच विचारून ठेवा. दोन्हीकडे पिकलेलं धान. शेजारच्या रिकाम्या सीटवर बॅग ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. ती त्याची जागा होती.

सुमननं पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं. भावाबद्दल अक्षर नाही. मीही भित्री, शब्दाचंच विचारलं.

"ठोकलं का धुमधुम आवाज येते. म्हणून असंल," म्हणाली आणि भात टाकायला उठली. माझं संशोधन तिथेच आटोपलं.

सकाळी पाहिलं, तर गावात सगळ्यांची खळी मळणीसाठी ठोकून तयार, हिचंच तसंच. भिंतीशी धुम्मस टेकवलेली: लाकडी ओंडका, दोन बाजूंना दोन मुठी. दर दिवाळीत प्रकाश खळं करायला म्हणून इकडे पळायचा, तो यासाठी. गडी का नाही लावला, असं मी विचारलं.

"दादाची मूठ कोणाले देऊ, वयनी? तुमाले फोन लावाले घेतलं का रडू येये. मंग वाटलं, दादाच नाई, तर तुमी तरी काऊन याल इथी."

मी पदर खोचला आणि ती मूठ धरली. सुरुवातीला ताल जमेना, ओंडका माझ्याकडेच कलायचा. दुपारपर्यंत जमला. दोघी रडलो, पण थांबलो नाही.

पुण्यात कुलूप उघडलं तेव्हा घर नेहमीसारखंच रिकामं. तळहात फोडांनी भरलेले. पुस्तकात 'संहनन' खोडून 'धुम्मस' लिहिलं, आणि अर्थापुढे एवढंच जोडलं: दोघांनी मिळून उचलायची.