अकरा सह्या

जूनमध्ये पोरांचं मंडळ निवडलं तेव्हा गाव भरलेलं होतं. चूक तिथंच झाली. पण जूनमध्ये दिवाळी कोणाला आठवते?

कागदावर नाव किशोर सल्लागार मंडळ. अकरा पोरं, महिन्याला एक बैठक. पोरांनी ठराव करायचा, ग्रामपंचायतीनं तो पुढं पाठवायचा. गुजरातच्या हद्दीवरच्या खापरजवळचं गाव ते, मंडळाला सरळ पोरांची पंचायत म्हणायचं. अध्यक्ष रविना. सोळा वर्षांची, दहावीला, तोंडाची फटकळ. ग्रामसेवक उमाकांतभाऊ शहाद्याकडचे. पहिल्याच बैठकीला त्यांनी पोरांना सतरंजीवर नाही बसवलं, खुर्च्या दिल्या. रविना ते विसरली नाही.

तिला एकच ठराव पाहिजे होता. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि घरंच्या घरं गुजरातेत ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, पोरं त्यांच्यामागं. रविनाचे आईबाप, भुरीबाई आणि जामसिंग, दरवर्षी जायचे. भाऊ भरत सात वर्षांचा, दुसरीला. यंदा त्याला वाचता यायला लागलं होतं. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, दिसेल ते मोठ्यानं वाचायचा, डोकं उठवायचा. अशा पोरांना शाळेतच राहायची-जेवायची सोय मिळते, हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. गावानं ठराव करून मागावं लागतं, तेही हंगाम तोंडावर आल्यावरच. आईनं सांगून ठेवलं होतं, सोय झाली तर तुम्ही दोघं राहा, नाही तर चला.

बैठक महिन्याच्या शेवटी असायची. ती अलीकडं घ्या म्हणून रविना दोनदा पंचायतीत जाऊन आली. उमाकांतभाऊ म्हणाले, तारीख तालुक्यातून येते. पहिला ट्रक त्याआधीच लागला आणि मंडळातले सहाजण त्यात बसून गेले. सहाही घरं दरवर्षी जाणारी, हे जूनमध्ये सगळ्या गावाला माहीत होतं. बदली नावं कोणी ठेवली नाहीत.

बैठकीला पाचजण आले. ठरावाला सहा लागतात. दुसरा ट्रक दहा दिवसांवर होता आणि त्यात भुरीबाईचं नाव होतं.

उमाकांतभाऊंनी रजिस्टर तिच्यासमोर सरकवलं. “बाकीनं तू लिखी टाक ना, ताई. कोण देखस?”

“एकच कमी आहे, भाऊ.”

“एक कशाले? अकराच्या अकरा कर. रजिस्टर भरेल चांगलं दिसस.”

रविनानं सहा सह्या केल्या. गेलेल्यांतल्या भिलाची सही डावीकडं झुकते, तशी झुकवली. नवलची मोठी, रेघेच्या बाहेर जाणारी, तशी काढली. गावात म्हणणारे म्हणतात, पोरीनं खोटं केलं. म्हणू दे. त्यांच्यातल्या कोणी एक अर्जसुद्धा लिहिला नव्हता.

पाचव्या दिवशी तालुक्याचे साहेब पाहणीला आले. त्यांनी ठराव वाचला, खालच्या सह्या मोजल्या. अकरा पोरं बैठकीला हजर, म्हणजे पोरं गावातच आहेत, मग वसतिगृह कोणासाठी, असं त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. खरंच विचारत होते.

उमाकांतभाऊ खिडकीकडं बघत बसले.

“सहाजण ट्रकनं गेलेत,” रविना म्हणाली. “त्यांच्या सह्या मी केल्या.”

“कोणी सांगितलं करायला?”

पहिल्या बैठकीला भाऊंनी दिलेली खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर होती. निळी, एक हात तुटलेली. “कोणी नाही.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “मग हा ठरावच होत नाही, बेटा. आता पुढच्या बैठकीत बघू.”

पुढच्या बैठकीच्या वेळी रविना पडावावर होती. पडाव म्हणजे ऊसतोड्यांच्या पालांची रांग. ती पहाटे भाकऱ्या थापायची, मग फडात जायची. भरत वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायला शिकला. त्याचे हात कापले, मग कापायचे थांबले. दहावीची परीक्षा झाली ते तिला कळलं, पण तारीख लक्षात राहिली नाही. आई एकदा म्हणाली, तू बोलत का नाहीस. ती म्हणाली, बोलते की.

एप्रिलच्या शेवटी ट्रकनं त्यांना गावात सोडलं. दुसऱ्या दिवशी बैठक होती. रविना गेली. का गेली, तिचं तिलाच माहीत नाही. भरत मागोमाग आला.

रजिस्टर टेबलावर होतं. तिनं मागची पानं उलटली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. प्रत्येक पानावर अकरा सह्या. पहिली तिची. वळणदार अक्षर, तिच्यापेक्षा बरं. ठराव झाडं लावण्याचा, गाव स्वच्छ ठेवण्याचा. वसतिगृहाचा कुठं नाही.

उमाकांतभाऊ हळूच म्हणाले, “वरून मागतस, ताई. मी काय करू?”

भरतनं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली होती. तिनं मार्चच्या पानावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

“वाच.”

भरत बराच वेळ बघत राहिला. “र,” म्हणाला. पुढच्या अक्षरावर त्याचं बोट दोनदा फिरलं, मग त्यानं तिच्याकडं पाहिलं.

“राहू दे,” रविना म्हणाली. तिनं पेन उचललं. एप्रिलच्या पानावर तिनं अजून न परतलेल्या पोरांची नावं शोधून एकेका नावासमोर ‘गैरहजर’ लिहिलं. भिलाच्या, नवलच्या, ज्यांचे ट्रक अजून यायचे होते त्या सगळ्यांच्या. उमाकांतभाऊंनी अडवलं नाही. मग तिनं आपली सही केली, खुर्ची मागं सारली आणि भरतचं मनगट धरून बाहेर पडली.