कण्याचा आकडा, खुब्याचा आकडा

उजवा पाय बधिर व्हायला लागला तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन मला फार दिवस झाले नव्हते. ओट्यापाशी उभं राहून भाकरी थापणंही जमेना. कमरेत नस दबली आहे, ऑपरेशन करून मणके स्क्रूंनी जोडावे लागतील, असं कोल्हापुरातल्या सर्जननी सांगितलं, तेव्हा भीतीसुद्धा वाटली नाही. काय करायचं ते करा आणि सोडवा एकदाचं, एवढंच मनात आलं.

पण त्यांनी तारीख दिली नाही. "आधी हाडांची घनता तपासून या," म्हणाले.

तपासणी सोपी होती. टेबलावर उताणं झोपायचं, वरून यंत्राचा हात हळूहळू सरकतो. त्यात दुखलं काहीच नाही, दुखलं ते नंतर टेबलावरून उठताना.

रिपोर्ट आमच्या ह्यांनी रिक्षातच उघडला. उचगावातून रोज फाउंड्रीत जाऊन ह्यांचा जन्म गेला, आवाज बारीक करायची सवय नाही. "कण्याम्होरं नॉर्मल लिवलंय! बघ की, लोखंडाची हाडं हाईत तुझी!" खाली खुब्याचाही एक आकडा होता. तो काही बरा दिसत नव्हता. "ऑपरेशन कण्याचं हाय, खुब्याचं न्हाय," म्हणत ह्यांनी कागदाची घडी घातली. मलाही ते पटलं, किंवा पटवून घ्यायचं होतं. घरी आल्यावर नेसरीला धाकट्या बहिणीला फोन करून ऑपरेशनला ये म्हणून सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"कण्याचा आकडा फसवा आहे, बाई. मणके झिजले की कडांना नवं हाड वाढतं. यंत्राला तेही हाडच दिसतं, म्हणून आकडा चांगला येतो. आतलं हाड मात्र विरळच असतं. खुब्याचा आकडा तुमची खरी परिस्थिती सांगतोय."

"म्हणजे किती वाईट?" मी विचारलं.

"तरुण, धडधाकट माणसाच्या हाडाशी तुलना करून हा आकडा काढतात. शून्य म्हणजे तितकंच घट्ट. उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की हाड ठिसूळ झालं असं धरतो. तुमचं उणे तीनच्याही खाली आहे."

ह्यांनी खुब्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "म्हंजे स्क्रूचे आटे धरणार न्हाईत."

"ढिले पडतील. मग पुन्हा ऑपरेशन. त्यापेक्षा आधी इंजेक्शनं देऊन हाड सुधारू. काही महिने थांबावं लागेल. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर मात्र लगेच या, तेव्हा थांबायचं नाही."

मन घट्ट करून ऑपरेशनपर्यंत कशीबशी पोचले होते. तिथून माघारी फिरायचं त्राण नव्हतं. "अजून काही महिने हाच पाय घेऊन?" मी विचारलं. त्यावर डॉक्टर काय म्हणाले ते आठवत नाही.

रोज सकाळी पोटात सुई. ती हे द्यायचे. पहिले काही दिवस ते सुई टोचायला फार वेळ लावायचे आणि मी उगाच त्यांच्यावर खेकसायचे. ऑपरेशन लांबलं तरी बहीण आलीच. भाजी निवडता निवडता एकदा म्हणाली, "अक्का, आई म्हातारपणी बुटकी झालती, आठवतंय? लुगडं पायात यायचं तिच्या."

आठवत होतं. लोकांच्या शेतात जन्मभर वाकून राबली म्हणून पाठीला पोक आलं, असंच आम्ही धरून चाललो होतो. तिचे मणके आतल्या आत खचत असतील, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिची पाठ दुखायची तेव्हा आम्ही बाम चोळायचो.

बहिणीनंही मग तपासणी करून घेतली. तिचं गोळ्यांवर निभावलं.

माझं ऑपरेशन झालं ते पावसाळा सरल्यावर. स्क्रू घट्ट बसले, डॉक्टरांनी फोटोत दाखवले. पायातली कळ गेली. अंगठा अजून बधिर आहे, तो तसाच राहील म्हणतात. हाडांची औषधंही चालूच राहणार.

शेजारीण भेटायला आली. "सुटलीस बघ आता," म्हणाली. मी मान हलवली. ती गेल्यावर दार लावायला उठायचा कंटाळा आला, तशीच कुशीवर वळून झोपले.