ओळखीचं कोणी नसलेलं गाव

आमचा हनिमून महाबळेश्वरला झाला आणि त्याला आम्ही नऊ जण होतो. सासूबाई, सासरे, दोन नणंदा, एका नणंदेचे यजमान, त्यांचं मूल, आम्ही दोघं आणि सासऱ्यांचे एक मित्र, कारण मोठी गाडी त्यांची होती. "दोघंच जाऊन काय करणार, कंटाळाल," असं सासरे म्हणाले होते, आणि ते अगदी मनापासून म्हणाले होते. त्या सहलीत आमचा दोघांचा असा एक फोटो निघता निघता राहिला. ऐन वेळी नणंदेचं मूल स्ट्रॉबेरी खात मध्ये शिरलं.

त्यामुळे लग्नाला पंचवीस वर्षं व्हायला आली तेव्हा मी नवऱ्याला बजावलं, "या वेळी फक्त आपण दोघं." तो तेव्हा कॅनडातल्या कनाटा गावी आमच्या घराच्या दारात बसून बर्फाचे बूट चढवत होता. "हो हो," म्हणाला आणि फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करायला गेला. बूट चढवताना तो कशालाही हो म्हणतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

गाव मी निवडलं. माझी अट एकच होती: तिथे आपल्या ओळखीचं कोणी नको. ऐकायला सोपी वाटते, पण करून पाहा. लंडनला त्याची मामेबहीण. सिंगापूरला वर्गमित्र. सिडनीला माझी भाची, जी आपण न सांगता गेलो तर जन्मभर बोलणार नाही. पॅरिसला कोणी नाही म्हणून मी हरखले, तर नवरा म्हणाला, "अगं, आमच्या ऑफिसातल्या त्याचे साडू आहेत ना!" शेवटी मी नकाशावर बोट खाली खाली सरकवत नेलं आणि ते पेरू देशातल्या लिमा शहरावर थांबलं. नवरा बराच वेळ आठवत राहिला. कोणी आठवेना. त्याचा चेहरा इतका पडला की मी तिथल्या तिथे लिमा नक्की केलं. फेब्रुवारीत जायचं ठरलं, कारण आपल्याकडे बर्फ असतो तेव्हा तिकडे उन्हाळा.

नवरा टेलिकॉम कंपनीत आहे. तिथे काय करतो ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण एक्सेल शीट्स करतो एवढं नक्की. आमच्या सहलीचीही झाली. राहणं हिरव्या रंगात, पैसे भरणं पिवळ्या, आणि 'अॅक्टिव्हिटी' गुलाबी, माझ्यासाठी. त्या गुलाबी कॉलममध्ये त्याने पहिल्याच ओळीत 'समुद्र बघणे (३० मि.)' असं लिहिलं होतं.

मी स्वतः एक छोटं हॉटेल शोधलं. लिमाच्या बरांको नावाच्या भागात, समुद्राजवळ, खोलीला बाल्कनी, बाल्कनीत दोन खुर्च्या. दोनच. त्या दोन खुर्च्यांचा फोटो मी दिवसातून चार वेळा उघडून बघत असे. नवऱ्याने मात्र सगळे रिव्ह्यू वाचून काढले आणि एका अनोळखी माणसाने उशी कडक असल्याचं लिहिलं होतं, ते मला तीनदा वाचून दाखवलं.

"कोणाच्या ओळखीचं असतं तर बरं होतं गं," तो म्हणाला.

"उशी?"

"हॉटेल."

मॉन्ट्रियलला शिकणाऱ्या आमच्या लेकीला मी फोनवर ही कहाणी ऐकवली. "मॉम, इट्स अ होटेल. जस्ट बुक इट," ती म्हणाली. तिला काय माहीत, तिच्या बापाने आजवर टायर बदलणारासुद्धा ओळखीशिवाय गाठलेला नाही.

तरी त्याने बुक केलं. कार्डाचा नंबर टाकला, बटण दाबलं, आणि पाच मिनिटांत त्याचा फोन वाजला. बँकेतली बाई होती. पेरूमधून तुमच्या कार्डावर काही खर्च आला आहे, तो तुम्हीच केलात का, एवढंच तिला विचारायचं होतं. हो म्हणायचं, झालं. पण आमच्या इथल्या मराठी मंडळात फसव्या फोनांवर नुकतंच एक व्याख्यान झालं होतं आणि नवऱ्याने पहिल्या रांगेत बसून त्याच्या नोट्स काढल्या होत्या.

"आधी तुम्ही मला सिद्ध करून दाखवा की तुम्ही बँकेतल्या आहात," तो इंग्रजीत म्हणाला. बाईने नम्रपणे त्याची जन्मतारीख विचारली. "ती तुम्हीच सांगा," नवरा म्हणाला, "आणि माझ्या आईचं माहेरचं नाव काय?" बाईने पुन्हा जन्मतारीखच विचारली. "माझी पहिली शाळा कोणती?" बाईने फोन ठेवला. नवरा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बघितलंस? पळाली."

ती आणखी दोनदा 'पळाली', आणि मग कार्ड गोठलं. ते सुटेपर्यंत आठवडा गेला. तेवढ्यात माझी बाल्कनी आणि दोन खुर्च्या दुसऱ्या कोणी तरी नेल्या. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. फ्रिजमधलं काय आहे ते खा म्हटलं. फ्रिजमध्ये अर्धा कोबी होता.

आता अपराधी वाटलं की माणसाने गप्प बसावं. याने काय केलं, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: 'लिमाला कोणी आपलं आहे का?' मला ते दुसऱ्या दिवशी समजलं, तेही ग्रोसरीच्या दुकानात, कांदे निवडताना, एका बाईंकडून. "लिमाला चाललात म्हणे! आम्हीही विचार करतोय," असं त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातला कांदा निसटला. त्यांचा विचार पुढे बारगळला, पण तोवर ग्रुपवरचा प्रश्न फिरत फिरत टोरंटोजवळ मिसिसागाला मावशींपर्यंत पोचला होता.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. त्या वसईच्या, ख्रिस्ती, आणि कॅनडात आल्यावरचा आमचा पहिला हिवाळा आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये काढला. मला पहिला जाड कोट त्यांनी दिला. वाफाळत्या भाताशेजारी सुक्या बोंबलाची चटणी ठेवून "खा, बाय, रडू नको," म्हणाल्या, तेव्हा मी खरंच रडत होते. त्यांची धाकटी बहीण नन आहे, दूर कुठेशी मिशनवर असते, हे आम्हाला बावीस वर्षं माहीत होतं. दूर म्हणजे कुठे, हे बावीस वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

"अरे, लिमालाच तर आहे धाकटी!" मावशी फोनवर ओरडल्या. फोन स्पीकरवर होता. "सिस्टरांचं गेस्ट हाऊस आहे तिचं. हॉटेलात कशाला जाता? आपलं माणूस असताना?"

नवऱ्याचा चेहरा मी लग्नातसुद्धा इतका उजळलेला पाहिला नव्हता. "सांगून टाका मावशी, आम्ही येतोय!" तो म्हणाला. मला विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. पृथ्वीवरचं एक गाव मी ओळखीचं कोणी नाही म्हणून शोधून काढलं होतं आणि या माणसाने तिथूनही ओळख खणून काढली.

दोन दिवसांनी गेस्ट हाऊसचे नियम ईमेलने आले. पुरुषांची व्यवस्था तिसऱ्या मजल्यावर. स्त्रियांची पहिल्या मजल्यावर. पुरुषांनी पहिल्या मजल्यावर थांबू नये. फाटक संध्याकाळी साडेआठला बंद. नाश्ता सकाळच्या प्रार्थनेनंतर.

"लग्नाची पंचविशी," मी म्हटलं, "आणि तू तिसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट असेल," नवरा म्हणाला.

मी हसले की किंचाळले ते आठवत नाही. शेवटी नकार कळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मावशींना नाही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. मी कागदावर मुद्दे काढले. पहिला मुद्दा: मनापासून आभार. दुसरा मुद्दा: आमची पंचविशी आहे, थोडं वेगळं हवं होतं. तिसरा मुद्दा लिहायच्या आधीच मी फोन लावला, नाहीतर अवसान गळालं असतं.

मावशींनी मला पहिल्या मुद्द्यापर्यंतही पोचू दिलं नाही. "बरं झालं तूच फोन केलास. एक छोटंसं पार्सल देते, तेवढं धाकटीला द्याल ना?" मग त्या यादी सांगू लागल्या. घरी कुटलेला मसाला. सुके बोंबील, तीन पिशव्यांत, वास येऊ नये म्हणून. वास येणारच, आणि लिमाच्या कस्टम्समध्ये तो कोणाला समजावून सांगायचा ते नवऱ्याने बघावं, असा मी मनात हिशेब केला. आईची जुनी जपमाळ. आणि दोन स्वेटर.

"दोन कशाला, मावशी? तिकडे उन्हाळा आहे."

"थंडीला होतील. एकच द्यायचाय गं. पण मापाचा अंदाज येईना," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली बघून. तेव्हा ती भरलेली होती. व्हिडिओत नुसता चेहरा दिसतो. म्हणून एक मोठा विणला आणि एक लहान. होईल तो ठेवायला सांग. दुसरा परत आण, मी उसवून टाकीन."

मावशी बोलत राहिल्या. मुलगा दर वर्षी म्हणतो, मम्मी, पुढच्या वर्षी नेतो. एकटीने विमान बदलायची छाती होत नाही, गुडघे असे, इंग्रजी तसं, स्पॅनिश तर कुठलं. यात तक्रार काही नव्हती, बोंबलांच्या पिशव्या सांगितल्या तशाच आवाजात त्या सांगत होत्या. माझ्या हातात तो मुद्द्यांचा कागद होता.

"मावशी, तुम्हीच का येत नाही आमच्याबरोबर?"

हे मी म्हणाले. मी! समोर बसलेल्या नवऱ्याने चहाचा कप हवेत धरून ठेवला.

मग मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, तुमची पंचविशी ना. दोघांच्या मध्ये मी कुठे?"

"मध्ये कसल्या, तो तिसऱ्या मजल्यावर असणार आहे," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने कप खाली ठेवला आणि अतिशय शांतपणे विचारलं, "फक्त आपण दोघं ना?" पंचवीस वर्षांत त्याला मला टोमणा मारायची अशी संधी मिळाली नव्हती आणि त्याने ती पुरेपूर वापरली. मी त्याला म्हटलं, तोंड बंद कर आणि शीट उघड.

शीटमध्ये जांभळा कॉलम आला. 'मावशी: व्हीलचेअर सांगणे.' 'मावशी: गोळ्या, सकाळ-संध्याकाळ.' 'समुद्र बघणे'चा अर्धा तास वीस मिनिटांवर आला, कारण गुडघे. कच्च्या माशांवर लिंबू पिळून करतात तो तिकडचा पदार्थ शिकायचा वर्ग नवऱ्याने लावला होता. त्यावर मावशी म्हणाल्या की मासा न शिजवता खायला त्या वसईहून आलेल्या नाहीत, आणि वर्ग रद्द झाला. या खेपेला बँकेचा फोन मी घेतला. हो म्हटलं, काम झालं.

टोरंटोच्या विमानतळावर मावशी गडद निळ्या साडीवर माझ्या त्या पहिल्या कोटासारखाच एक कोट घालून बसल्या होत्या. लिमापर्यंतच्या आठ तासांत त्या एकदाही झोपल्या नाहीत. मधल्या सीटवर त्याच होत्या. मी खिडकीशी, नवरा पलीकडे, आणि आम्ही एकमेकांशी बोललो ते त्यांच्या मांडीवरच्या स्वेटरांवरून.

गेस्ट हाऊसच्या फाटकात एक लहानखुरी सिस्टर उभी होती. इतकी लहानखुरी की आधी मला वाटलं ही दुसरीच कोणी. मावशी चालत गेल्या, व्हीलचेअर तिथेच टाकून. नमस्कार नाही, मिठी नाही. त्यांनी सरळ लहान स्वेटर काढला आणि बहिणीच्या खांद्यांवर धरून पाहिला. तो लहानही सैल झाला.

"जेवत नाहीस?" मावशी म्हणाल्या, आणि मग दोघी रडू लागल्या. कडक उन्हात, स्वेटरसकट. नवरा बोंबलांची बॅग छातीशी धरून उभा होता आणि नाक ओढत होता. मला म्हणाला, वासामुळे.

आम्ही घुटमळत राहिलो. मावशींची गोळी, मावशींची उशी, उशी कडक तर नाही ना. शेवटी धाकट्या सिस्टरनेच, आमच्याकडे न बघता, बऱ्याच वर्षांनी बोलल्यासारख्या मराठीत सांगितलं, "तुम्ही जा ना बाहेर. साडेआठच्या आत या." आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून दोघींचं बोलणं सुरू झालं. त्यांच्या वसईच्या घरच्या बोलीत, इतक्या भराभर की आम्हाला एक शब्द समजेना.

तर असे आम्ही रस्त्यावर उभे होतो. फक्त आम्ही दोघं. काय करायचं ते शीटमध्ये नव्हतं.

चालत बरांकोला गेलो. तिथे एक जुना लाकडी पूल आहे, त्याला सुस्काऱ्यांचा पूल म्हणतात. पहिल्यांदा बघणाराने श्वास रोखून तो ओलांडला तर मनातली इच्छा पुरी होते, असं तिथली माणसं सांगतात. नवऱ्याने गाल फुगवले आणि निघाला. मधोमध एका जोडप्याने त्याला फोटो काढायला कॅमेरा दिला. श्वास न सोडता, लालबुंद होत, त्याने तीन फोटो काढले आणि हातानेच आणखी जवळ या म्हणून खुणावलं. मी त्याच्या मागून चालत होते, तोंड दाबून, हसू आणि श्वास दोन्ही आवरत.

पलीकडे पोचल्यावर तो कठड्याला धरून धापा टाकत राहिला. समोर समुद्र होता. "काय मागितलंस?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी फक्त आपण दोघं," तो म्हणाला. बूट चढवताना म्हणतो तसं नाही. खरंच.

त्याने विचारलं, तू काय मागितलंस? मी म्हटलं, सांगितलं की फळत नाही. त्याला ते अजून सांगितलेलं नाही. पुढच्या फेब्रुवारीची लिमाची तिकिटं मात्र मी काल बघून ठेवली. तीन.