फ्रूट सॅलड करणारी शेजारीण

आमच्या बेलापुरात कुणाचंही कार्य असो, फ्रूट सॅलड माझी शेजारीणच करते. दूध आटवून गार करते आणि पंगत बसल्यावरच फळं घालते. तोवर पातेल्याजवळ कुणी आलं, की म्हणते, "लांब सर, बये." चव थोडी कमी म्हटली तरी आठवडाभर बोलत नाही.

परवा साखरपुड्याला नवरीनं हौसेनं आधीच अननस टाकला आणि दूध फाटलं. तेवढ्यात तिची होणारी सासू आत आली. शेजारीण पटकन म्हणाली, "माझ्याच हातनं नासलं, ईनबाई."

"तुमचं लई नाव ऐकलं होतं," सासू म्हणाली आणि निघून गेली.

मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तिला माझं तोंड आजच्यापुरतंच बघायचंय. पोरीचं रोज."