अण्णाराव सरांची खुर्ची

आमच्या सिंधु मॅडमला लोक रागीट म्हणतात. म्हणोत! मी मडिवाळप्पा, उदगीरचा. लातूरला मॅडम ज्या क्लासात फिजिक्स शिकवायच्या, त्याच क्लासात मी केमिस्ट्री शिकवायचो, तेव्हा माझ्याकडून ऐका. बाई रागीट न्हाई, थापा खपवून घेत न्हाई, एवढंच.

भूकंपात किल्लारीकडचं तिचं गाव बसलं, तेव्हा ती शाळकरी पोर होती. नंतर सरकारनं राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडात तिनं विचारलं, जमीन का हलली? "पाप लई वाढलं म्हणून," असं सांगून मोठ्यांनी तिला गप्प केलं. ढिगाऱ्यात गेलेल्या धाकट्या भावानं कसलं पाप केलं होतं, ते कुणी सांगितलं न्हाई. तेव्हापासून ती फिजिक्सच्या मागं लागली.

क्लासचे मालक अण्णाराव सर. त्यांची पद्धत अशी, की सरांनी अर्धं ओरडायचं आणि पोरांनी पुरं करायचं. "पृथ्वी फिरायची थांबली की?" "वजन वाढलं!" सगळा वर्ग एका सुरात. मग टेस्टमध्ये आलं, पृथ्वी थांबली तर ध्रुवावरच्या माणसाचं वजन काय होईल? सगळ्यांनी लिहिलं, वाढेल. छापील उत्तरातही तेच! मुरुडच्या आरतीनं एकटीनं लिहिलं, काही फरक न्हाई. तेवढ्या एका मार्कानं तिची हुशार पोरांची पहिली बॅच हुकली.

मॅडम सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सर म्हणाले, "छापलेलं आपण बदलत न्हाई. पालकांत बोभाटा होईल. राहू द्या पोरीला मागच्या बॅचमध्ये."

"राहू देणार न्हाई," मॅडम म्हणाल्या. सर चहाला खाली उतरले तशी मॅडमनी त्यांची फिरती खुर्ची ढकलत थेट वर्गात आणली. अरे देवा! त्या खुर्चीला आमच्यातलं कुणी बोट लावत नसे. मीही मागोमाग वर्गात गेलो.

सीटवर खडूचे दोन तुकडे ठेवले, एक मधोमध, एक काठाला, आणि दिला जोरात गरका. काठावरचा भिंतीवर जाऊन आपटला. मधला जागच्या जागी गिरक्या घेत राहिला.

"काठावरचा म्हणजे विषुववृत्तावरचा माणूस. पृथ्वीची थोडी ओढ त्याला गोल फिरवत ठेवण्यातच जाते, म्हणून त्याचं वजन जरासं कमी भरतं. पृथ्वी थांबली तर तेवढं त्याला परत मिळेल. ध्रुवावरचा म्हणजे हा मधला. त्याचं काही गेलंच न्हाई, मग परत काय येणार?"

तेवढ्यात सर दारात. चेहरा लालबुंद. "कुणाला विचारून खुर्ची उचलली? उद्यापासून दुसरा क्लास बघा!"

"बघते की. आधी आरतीचा मार्क द्या."

सरांनी मॅडमकडं पाठ केली आणि वर्गाला दरडावलं, "पृथ्वी फिरायची थांबली की?"

मग मागच्या बाकावरून आरती ओरडली, आणि तिच्यामागोमाग सगळा वर्ग, "ध्रुवावर काहीच न्हाई!"

सर बसायला वळले, तर मॅडमचा हात खुर्चीच्या पाठीवर.

"आधी मार्क, सर. मग बसा."

सरांनी मार्क उभ्यानंच दिला.