पाहुण्यांसमोर नडग्या

पोलीस भरतीचं ग्राऊंड तोंडावर आलं होतं आणि माझ्या नडग्या ठणकत होत्या. कुरुंद्याच्या रस्त्यावर पहाटे पळून आलं की गुडघ्याखालचं पुढचं हाड असं दुखायचं की उंबरासुद्धा ओलांडू वाटायचा नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासमोर सांगून टाकलं, "पाय साथ देईनात तर पळणं बस्स. पहिलं स्थळ येईल त्याला होकार." असा संताप आला म्हणता! मोबाईल घेतला आणि इलाज शोधत बसले.

इलाज फुकटचा निघाला. भिंतीला पाठ लावायची, पाय थोडे पुढं, गुडघे सरळ, टाचा जमिनीवर. मग चवडे वर उचलायचे, जरा थांबायचं, हळूच खाली टेकवायचे. दिसायला एवढंसं, पण नडगीवरचं मांस पेटतं. माझं हे अंगणातलं ध्यान बघून शेजारणीनं आईला तोंडावर विचारलं, "पोरीला बाहेरचं लागलं काय वं?" आई म्हणाली, "न्हाई, भरतीचं लागलंय."

कळमनुरीकडचे पाहुणे सांगितलेल्या वेळेच्या आधीच टपकले. माझा व्यायाम नुकताच संपलेला, पाय लटलट कापत होते. तशीच साडी गुंडाळून मला पुढं बसवलं. मुलाच्या आत्यानं स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं आणि मग म्हणाली, "जरा चालून दाखव, बाई." आमच्याकडं हे अजून चालतं, बाजारात बैल चालवून बघावा तसं. दमलेले चवडे उचलेनात. फरशीवर थप, थप, थप! आत्या भावाच्या, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या, कानात बोलली, पण सगळ्या घराला ऐकू गेलं, "पायात खोट हाय."

"खोट?" अण्णा ताडकन उठले. "अहो, भरतीसाठी पळती ती, व्यायामानं पाय भरून आलेत तिचे! तुमी करून बघा की!" आणि जन्मात कधी न केलेला व्यायाम दाखवायला स्वतःच भिंतीला टेकले. आता मागं कसं राहायचं? नवरा मुलगा उभा राहिला, मध्यस्थ उभा राहिला, आत्यानंही पदर खोचला. चहा थंड होऊन राहिला आणि अण्णा ओरडून राहिले, "वर! खाली! टाचा हलवायच्या न्हाईत!" मुलगा "आई गं" करत सगळ्यांच्या आधी खाली बसला. आत्या मात्र थांबायचं नाव घेईना. रस्त्यानं जाणारा दूधवाला गाडी थांबवून म्हणाला, "अण्णा, धाड पडली काय?"

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला होता. "हे तू रोज करती?"

"सकाळ-संध्याकाळ," मी म्हणाले.

आत्या धापा टाकत खुर्चीत बसली. "खोट न्हाई. पोरगी पसंद हाय आमाला. पण ते पळणं-बिळणं बंद करा."

 माझे डोळे भरले, पदरानं पुसायचंही सुचलं नाही.

"न्हाई जमणार," अण्णा म्हणाले.

"काहून? माझ्यासमोर शब्द दिला व्हता तुमी," मध्यस्थ म्हणाला.

"दिला व्हता. तिचे पाय साथ देईनात तर, म्हणलं व्हतं. तिचे देऊन राहिले, बाबा." अण्णांनी भिंतीला हात लावला. "माझेच थरथरून राहिले."

मी उठले आणि त्यांना धरून खाटेवर बसवलं.